दाराबाहेरचा बाक

कोइंबतूर,
सोमवार, सकाळ

प्रिय मरगदम अक्कांना सोर्णमचा वाकून नमस्कार.

पत्र वाचण्याआधी त्याचे चारही कोपरे बघा. हळद लावली आहे. वाटेत पुसली गेली असेल तर नाकाशी धरा, वास येईल. म्हणजे कोणीही गेलेलं नाही. मागच्या वर्षी मी शेवग्याच्या शेंगा मागवायला घाईघाईत बिनहळदीचं पत्र टाकलं, तर तुम्ही ते न उघडताच अंगणात बसून छाती बडवून घेतलीत, अर्धं धारापुरम गोळा झालं, आणि कुणीतरी पाकीट फोडून वाचलं तर आत शेंगा. तो प्रकार पुन्हा नको. यावेळी हळद दुप्पट लावली आहे.

तुमचे गुडघे कसे आहेत? शेवंती गाय व्याली का? मागच्या खेपेला तिने तुम्हाला लाथ मारली आणि तुम्ही तिच्याशी आठ दिवस बोलला नाहीत असं कळलं. मिटवून टाका, मुकं जनावर आहे. इकडे सगळं क्षेम आहे. मी ठणठणीत आहे. (हे वाक्य पत्राच्या सुरुवातीला लिहायचं असतं म्हणून लिहिलं. पुढे वाचा.)

फोन का केला नाही, असं तुम्ही म्हणाल. फोनवर तुम्ही ओरडता, मग मला ओरडावं लागतं, आणि ओरडणं सध्या मला मना आहे. शिवाय लेक तेन्मोळी घरात असते. या गोष्टी तिच्या कानावर जाऊ नयेत म्हणून लिहिते आहे. ती आता न्हाणीघरात आहे. पाण्याचा आवाज थांबला की मी हा कागद तांदळाच्या डब्यात टाकणार आणि पुन्हा संधी मिळेल तेव्हा लिहिणार. त्यामुळे अक्षर मध्येच बदललं किंवा कागदातून तांदूळ सांडले तर आश्चर्य वाटून घेऊ नका.

गोष्ट नीट सांगायची तर तेन्मोळीच्या शिक्षणापासून सांगावी लागेल. तुम्हाला ठाऊक आहे, तरी सांगते, कारण तुम्ही अजून गावात 'माझी भाची सुई टोचते' असं सांगता हे माझ्या कानावर आलं आहे. अक्का, सुई टोचायला चौदा वर्षं लागत नाहीत.

बावीस वर्षांपूर्वी तेन्मोळीचे अप्पा, तुमचे धाकटे बंधू, हृदयाच्या ऑपरेशनसाठी आत गेले, आणि तुम्ही आणि मी अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेरच्या लाकडी बाकावर नऊ दिवस बसलो. गाई शेजारणीवर सोपवून तुम्ही आलात, ती आयुष्यातली एकच वेळ. त्या दारातून दिवसातून दोनदा एक बुटका डॉक्टर बाहेर यायचा. नाकावर मास्कचा वळ, अंगात हिरवे कपडे. नर्सने सांगेपर्यंत आपण त्याला सर्जन समजत होतो. तो उभ्या उभ्या सांगायचा, "आज लघवी बरी आहे," "आज नळीवर थोडा कमी आधार आहे," आणि परत आत जायचा. नवव्या दिवशी तो आला आणि बाकावर तुमच्या-माझ्या मध्ये बसला. बोलायच्या आधी बसला. तो बसला तेव्हाच मला कळलं. पुढे तो काय म्हणाला ते मी ऐकलं नाही, तुम्ही ऐकलंत, आणि तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत, मी विचारलंही नाही. पण तेन्मोळी समोर भिंतीला टेकून शाळेचं दप्तर छातीशी धरून उभी होती, सतरा वर्षांची. तिने सगळं ऐकलं. घरी आल्यावर तिने विचारलं, "अम्मा, सर्जन कुठे होते?" मी म्हटलं, ते पुढच्या ऑपरेशनला गेले असतील. "मग हे कोण होते?" भूल देणारे. "म्हणजे नऊ दिवस अप्पांजवळ हे होते?" हो बाई. मग ती जेवली. चार दिवसांनी पहिल्यांदा जेवली, आणि हात धुताना म्हणाली, "मला हे व्हायचंय."

नातेवाईकांना ते पटवून देता देता माझे केस पांढरे झाले. साडेपाच वर्षं साधी डॉक्टरकी. मग तीन वर्षं भूल. आम्हाला वाटलं संपलं. तर नाही, मग तिरुवनंतपुरमला आणखी तीन वर्षं नुसती हृदयाची भूल, आणि वर अतिदक्षतेची उमेदवारी. तुमचे थोरले चिरंजीव म्हणाले होते, "माणसाला झोपवायला चौदा वर्षं?" (ते पंचायतीच्या सभेत बोलायला उभे राहिले की पाच मिनिटांत हेच काम करतात, पण मी तेव्हा काही बोलले नाही.) मुलगी बघायला आलेल्या इरोडच्या बाईंनी विचारलं, "भूल देतेस ते ठीक, पण स्वतः ऑपरेशन कधी करायला लागणार?" तेन्मोळी म्हणाली, "झोपवणं पाच मिनिटांचं काम आहे मामी. उरलेले सहा तास मी तो माणूस मरू नये म्हणून बसते." इरोडची मंडळी केसरी शिऱ्याचा दुसरा घास न घेता उठली. लग्नाचा विषय मी तेव्हापासून काढत नाही, तुम्हीही काढू नका.

आता माझा यातला भाग. मी आठवी पास. इंग्रजी अक्षरं मी तेन्मोळीच्या अप्पांच्या दुकानातल्या पंपांच्या माहितीपत्रकांवरून शिकले हे तुम्हाला माहीत आहे. ते मोटर उघडून बसायचे आणि मी त्यांना भागांची नावं वाचून दाखवायची. ते गेल्यावर वाचायला काही उरलं नाही, म्हणून मी मिळेल ते वाचू लागले, डाळीच्या पुड्यांचे कागदसुद्धा. मग तेन्मोळीची पुस्तकं आली. एकेक उशीएवढं. ती डोळे मिटून उत्तरं म्हणायची आणि मी ओळीवर बोट ठेवून बघायची, अक्षरं जुळतात का. पहिलं वर्ष मला काही कळलं नाही. दुसऱ्या वर्षी मी शब्दकोश आणला. तिसऱ्या वर्षी तिचं चुकलं की मी पुस्तकात न बघता "हूं?" म्हणू लागले. हृदय म्हणजे पंपच की, अक्का. झडपा त्याच, गळती तीच, हवा धरणं तेच. फक्त हा पंप उघडायला माणूस झोपवावा लागतो.

भुलीच्या परीक्षेत तेन्मोळी एकदा नापास झाली होती. तुम्हाला सांगितलं नव्हतं, आता सांगते. प्रश्न असा होता: हृदयाची मुख्य झडप अरुंद झालेली म्हातारी पडून तिचं खुब्याचं हाड मोडलं, तर भूल कशी द्याल? ही घाबरून म्हणाली, कमरेत सुई. परीक्षक म्हणाले, तुमची म्हातारी गेली. पुढचे सहा महिने मी तिला तो एकच प्रश्न विचारला. तांदूळ धुताना, केस वाळवताना, मरुदमलैच्या देवळाच्या रांगेत. दूधवाल्यालासुद्धा त्याचं उत्तर पाठ झालं. ते उत्तर मी आजही झोपेत सांगेन. (झोपेत काय काय करणार आहे ते पुढे येईलच.)

पास झाल्यावर ती जी कामाला लागली ती आजतागायत. तिचं काम काय, तर दोन पडद्यांवरचे आकडे आणि रेषा बघत राहायचं, आणि काहीतरी होण्याच्या अर्धा मिनिट आधी ते ओळखायचं. त्या सवयीने आमच्या घराची पार वाट लागली आहे. ती घरी आली की आधी घड्याळ बघते, मग शेगडी, मग मला. लग्नाच्या मांडवात कोणी म्हातारा खुर्चीत डुलकी घेऊ लागला की ही जेवण सोडून त्याच्या छातीकडे बघत बसते. खाली-वर होते का ते. एकदा नवऱ्या मुलाच्या आजोबांना तिने हलवून जागं केलं, ते बिचारे नुसते झोपले होते. माणसाच्या तोंडाकडे ती शेवटी बघते. आणि हाताखालच्या मुलांना तिने एक नियम घालून दिला आहे: वाईट बातमी उभ्याने सांगायची नाही. खुर्ची ओढायची, बसायचं, मग तोंड उघडायचं. चांगली बातमी चालता चालता सांगितली तरी चालेल. हा नियम तिला कुणी शिकवला ते तिला विचारायची मला गरज पडली नाही.

(पाणी थांबलं.)

मंगळवार. ती गेली. आता सविस्तर.

आठ महिन्यांपूर्वी मी मरुदमलैला गेले. तुम्ही असता तर बसने वर गेलो असतो, पण मी एकटी, म्हणून पायऱ्या. चाळीस पायऱ्यांवर छातीवर कुणी जातं ठेवल्यासारखं झालं. मी बसले आणि डोळे मिटून हात जोडले. पुन्हा वीस चढले, पुन्हा बसले, पुन्हा हात जोडले. लोकांना वाटलं मी प्रत्येक टप्प्यावर प्रार्थना करण्याचा नवस बोलले आहे. एका बाईने माझ्या पाया पडून घेतलं. मी तिला आशीर्वाद दिला, कारण बोलायला दम नव्हता आणि हात वर करणं सोपं होतं. मग श्रावणघेवडा निवडता निवडता एकदा डोळ्यांपुढे अंधार आला. मग एकदा दळणाच्या पिशवीसकट खाली बसले. अक्का, दुसऱ्या कुणाला वाटलं असतं, वय झालं, पित्त झालं. मला वाटू शकलं नाही. छातीत दाब, चढताना दम, आणि चक्कर. अरुंद झडपेचं ते पान मी दोन वर्षं बोट ठेवून वाचलं आहे. पानाच्या तळाशी लिहिलंय की ही तिन्ही सुरू झाली की किती वर्षं उरतात. तो आकडा मी तुम्हाला सांगणार नाही. तुम्ही पाठवता त्या शेंगा संपायला जेवढा वेळ लागतो त्याहून थोडा जास्त.

आणि घरात कोण, तर त्याच पानाची डॉक्टर. मी तिला सांगायला हवं होतं. मी काय केलं, तर आठ महिने लपवलं. ती समोर असली की मी जिना चढायचा बंद केला. ती गळ्यात स्टेथोस्कोप घालून घरी आली की मी बोलायला सुरुवात करायची, कारण बोलणाऱ्याची छाती ऐकता येत नाही. शिकत होती तेव्हा ती दिवसातून दहा वेळा माझ्या छातीवर नळी लावायची आणि वैतागायची, "अम्मा, तुझ्या छातीत काहीच नाही, कंटाळवाणी आहे." आता काहीतरी होतं, आणि मी पदर दुहेरी घेऊन फिरत होते. भीती मरणाची होती का? होती, खोटं कशाला बोलू. पण तिच्या तोंडाची जास्त होती. मी तिचं ते तोंड एकदा बघितलं आहे, दप्तर छातीशी धरलेलं. पुन्हा बघायचं नव्हतं.

पण मनात वळवळ चालूच. मी चुकत असेन तर? आठवी पासच की शेवटी. एकदा त्या टू-डी इकोच्या पडद्यावर स्वतःची झडप डोळ्यांनी बघितली की शंका फिटेल, असं वाटायला लागलं. आणि तशी संधी चालून आली. तेन्मोळीच्या दवाखान्यात नव्या मुलांना छातीवर यंत्र फिरवून हृदय बघायला शिकवायचा दिवस ठरला. त्यासाठी निरोगी माणसं हवी होती. नुसतं पडून राहायचं, बदल्यात दुपारचं जेवण आणि एक स्टीलचा डबा. कागद तेन्मोळीनेच फ्रिजवर चिकटवला होता. आणि ती स्वतः त्या दिवशी मदुरैला परीक्षक म्हणून जाणार होती. मी शेजारच्या कनकवल्लीचं नाव लावलं. (तिला विचारलं होतं. ती म्हणाली, "डबा मला.")

तर मी गेले. निरोगी माणसांच्या रांगेत उभी राहिले. 'काही त्रास?' काही नाही. मी जरा लाजाळू आहे, तोंडावर पदर घेईन, असं आधीच सांगून ठेवलं. नझीमा नावाची गोड मुलगी आली, हातावर यंत्राची ती गार, चिकट जेल घेऊन. "अम्मा, श्वास सोडा, आता धरून ठेवा." मी पदराच्या फटीतून पडद्याकडे बघत होते. अक्का, ती झडप तीन पाकळ्यांची असते. दर ठोक्याला फूल उमलल्यासारखी उघडते, चित्रात बघितलं होतं. माझी उघडत नव्हती. तेन्मोळीचे अप्पा गंजलेला फूट व्हॉल्व्ह हातात धरून दाखवायचे ना, चुना धरून दगड झालेला? तो. मध्ये नुसती एक चीर. मी श्वास धरूनच ठेवला. नझीमा बटणं पिळत होती. "यंत्र बिघडलंय वाटतं." दुसरा आला, तिसरा आला. मग एकजण ओरडला, "अरे, बिघडलं काय! बघ ना, किती सुंदर आहे!" पाच जणं गोळा झाली. कोणी मोबाईलवर चित्र काढलं. इतकं आनंदाने माझ्याकडे कुणी माझ्या लग्नातही बघितलं नव्हतं.

आणि दारातून आवाज आला, "काय सुंदर आहे?"

मदुरैची परीक्षा पुढे ढकलली होती.

मी पदर हनुवटीपर्यंत ओढला. तेन्मोळी आली आणि, सवयीप्रमाणे, आधी पडद्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग आधी त्या पाच जणांना झापलं, निरोगी म्हणून आलेल्या बाईच्या डोक्यावर उभं राहून सुंदर काय म्हणता, तुमच्या आईला कुणी म्हटलं तर? ("तुमच्या आईला" असंच म्हणाली.) मग म्हणाली, "आता चित्र बघितलंच आहे, तर नझीमा, या बाई आज घरी जाताना पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. भूल कशी देशील?"

पदराखालून मी मनात म्हणत होते, सांग बाई, नीट सांग. नझीमा म्हणाली, "कमरेत सुई."

अक्का, मी काय करू? सहा महिन्यांची सवय. तोंडातून आपोआप निघून गेलं, "कमरेत नको गं! प्रेशर धाडकन खाली जाईल ते वर येणार नाही! ठोके सावकाश ठेव, ताल मोडू देऊ नको, टाकी भरलेली ठेव!"

'टाकी भरलेली ठेव' असं जगातल्या कोणत्याही पुस्तकात लिहिलेलं नाही. ते फक्त आमच्या स्वयंपाकघरात म्हणायचे.

मग तेन्मोळी अगदी हळू म्हणाली, "अम्मा?"

मी पदर काढला. मला वाटलं, आता ओरडेल. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं, मग परत पडद्याकडे, परत माझ्याकडे. आणि मग तिने शेजारचं स्टूल ओढलं आणि बसली.

तुम्हाला काय सांगू. बावीस वर्षांनी माझ्या शेजारी पुन्हा एक डॉक्टर येऊन बसली.

(बुधवार. काल इथवर लिहून उठले. कागदाला जो डाग आहे तो रसमचा आहे.)

त्यानंतर तीन दिवस ती माझ्याशी बोलली नाही, म्हणजे भांडायला बोलली. "आठ महिने, अम्मा? माझ्या घरात? मी दुसऱ्यांच्या म्हाताऱ्यांच्या छात्या बघत फिरते, आणि तू फ्रिजमागे उभी राहून दम खात होतीस?" मी म्हटलं, फ्रिजमागे नाही, धान्याच्या कोठीमागे. हे सांगायला नको होतं. चौथ्या दिवशी ती माझ्या खोलीत आली, नळी काढली, माझ्या छातीवर लावली आणि पाच मिनिटं ऐकत राहिली. मी यावेळी बोलले नाही. नळी काढून ती म्हणाली, "आता कंटाळवाणी नाही राहिली."

झडप बदलायची ठरली आहे. येत्या नाही, त्या पुढच्या गुरुवारी, सकाळी सातला. मग मोठं भांडण झालं ते भूल कोण देणार यावरून. ती म्हणाली मीच देणार, माझ्याइतकं कुणी बघणार नाही. पण त्यांच्यात रीत आहे, घरच्या माणसाला आपल्या टेबलावर घ्यायचं नाही, हात थरथरतो म्हणून. ती ऐकेना. शेवटी तिचे मोठे डॉक्टर आले, कुरियन म्हणून, मूळचे कोट्टयमचे, आता इथेच मुरलेले. तिरुवनंतपुरमला तिला हृदयाची भूल शिकवली ती त्यांनीच. वजनदार गृहस्थ, तुमच्यासारखेच गुडघे गेलेले. दिसेल तिथे टेकतात. त्यांनी तिला माझ्यासमोर सांगितलं, "भूल मी देणार. तू दाराच्या आत पाऊल टाकलंस तर मी दाराच्या बाहेर जाईन. मग अम्मांजवळ कुणीच नसेल. ठरव." ती गप्प बसली. तिला गप्प बसवणारं माणूस मी पहिल्यांदाच बघितलं.

मग ते मला तपासायला आमच्याच पलंगावर टेकले. दात हलतात का? मान मागे जाते का? मी सगळी उत्तरं दिली आणि मग माझे प्रश्न विचारायला लागले. नळी कोणती घालणार, ठोके किती ठेवणार, टाकी भरलेली ठेवाल ना. ते म्हणाले, "अम्मा, परीक्षा तुमची चालली आहे की माझी?" मी म्हटलं, तुमचीच. मी तर नुसती पडून राहणार. ते इतके हसले की पलंगाची फळी वाजली. मी हसले नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हसणं थांबवून विचारलं, "कसली भीती वाटते?"

अक्का, इतकी वर्षं मला कुणी असं सरळ विचारलं नव्हतं. मी सांगितलं. तुम्हाला पण सांगते. चालू पंपाची झडप बदलता येत नाही. आधी मोटर बंद करावी लागते. माझं हृदय ते बंद करणार, थंड पाण्याने आणि क्षाराने. दीडेक तास. तेवढा वेळ रक्त यंत्र फिरवणार. पुस्तकात त्या दीड तासाचं मिनिटामिनिटाचं लिहिलेलं आहे, फक्त ती बाई त्या वेळात कुठे असते ते लिहिलेलं नाही. मी दोनदा शोधलं. तेन्मोळीचे अप्पा दुकानात किती पंप बंद करायचे, झडप बदलायचे, बटण दाबायचे. कधी एकदम चालू व्हायचे, कधी खोकत. पण सगळे व्हायचे. बावीस वर्षं मी सकाळी तेन्मोळीच्या आधी उठून चहाला एकच पेला ठेवते, अजून हात दुसऱ्याकडे जातो. म्हणजे जायला मी नाही म्हणत नाही. पण माझ्यामागे इथे तो एकच पेला कोण ठेवणार, ते मला माहीत आहे.

कुरियन डॉक्टर म्हणाले, तुम्ही कुठे असता ते मलाही माहीत नाही. पण तेवढा वेळ मी डोक्याशी असतो, उठत नाही.

ते उत्तर मला बरं वाटलं. पुस्तकापेक्षा बरं.

तर अशी हकिगत. काळजी करू नये. सगळ्यांना नमस्कार, शेवंतीला वैरण.

तुमची,
सोर्णम

ता. क. — स्टीलचा डबा मला दिला नाही. निरोगी नसल्याने बाद झाले. पण कनकवल्ली 'माझ्या नावाला बट्टा लावलास' म्हणून रोज डबा मागते आहे. तुमच्याकडे जास्तीचा असेल तर घेऊन या.

ता. क. दुसरा — "घेऊन या" असं वर लिहून गेलं, तर आता खरं लिहिते. एवढं सगळं यासाठीच लिहिलं. गुरुवारी या. माझ्यासाठी नाही, मी झोपलेली असेन. तेन्मोळीसाठी. त्या दिवशी ती बाकावर बसणार आहे. डॉक्टरांच्या खोलीत बस म्हणाले, ती नको म्हणाली, तिथे पडदे आहेत, दिसले तर मी आत धावेन. अक्का, तिला बाकावर बसता येत नाही. ती आयुष्यभर त्या दारातून बाहेर आली आहे, बाहेर बसून कधी राहिली नाही. आतल्या प्रत्येक मिनिटाला काय चाललं असेल ते तिला माहीत आहे, आणि माहीत असण्यासारखं वाईट काही नाही, हे मी आठ महिन्यांत शिकले. तुम्ही मला नऊ दिवस त्या बाकावर धरून ठेवलंत. नर्सला शिव्या घातल्यात, सगळ्या गाईंच्या सात पिढ्या सांगितल्यात, माझ्या तोंडात दहीभात कोंबलात. मी तुमचं एक अक्षर ऐकलं नव्हतं, पण तुम्ही थांबला असता तर मी मेले असते. तिलाही तेच करा. घड्याळाकडे बघू देऊ नका. "अत्तै, पुरे" म्हणाली तरी आत्याच्या हक्काने बोलत राहा. शेवंतीपासून सुरू करा. गाई शेजारणीवर सोपवा, शेजारणीच्या लेकीच्या लग्नात मी त्याची परतफेड करीन.

ता. क. तिसरा — एक महत्त्वाचं राहिलं. काम झालं की कुरियन डॉक्टर बाहेर येऊन सांगणार. त्यांचे गुडघे तुम्हाला सांगितलेच. सहा तास बसून आल्यावरही ते रिकामी जागा दिसली की टेकतील, बातमी कितीही चांगली असो. मी त्यांना बजावलं आहे, पण पुरुषमाणूस, विसरतील. आणि ते नुसते टेकायला वाकले तरी त्या पोरीचं काय होईल ते तुम्हाला-मला दोघींनाच ठाऊक आहे. म्हणून तुम्ही मोठी पिशवी आणा. पाण्याचा तांब्या, डबा, छत्री, घोंगडी, असेल ते सगळं आणा. तेन्मोळीला अगदी चिकटून बसा, आणि उरलेल्या बाकावर सगळं पसरून ठेवा. बसायला जागा ठेवू नका.